लॅटिन नृत्यव्यायाम

लॅटिन नृत्यव्यायाम : साल्सा, मेरेंगे, कुंबिया, बचाता, रेगेटॉन इ. लॅटिन अमेरिकी नृत्यांच्या पदन्यासांवर बेतलेला व्यायामप्रकार. मूळ नृत्ये बहुतांशी जोडीने करावयाची. व्यायामवर्गात मात्र प्रत्येक जण मार्गदर्शकाकडे तोंड करून एकट्याने नाचतो. जोडीदार गेला, तरी दोन गोष्टी मूळ नृत्यातून याव्याच लागतात : प्रत्येक पावलागणिक शरीराचा सगळा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर जाणे आणि गुडघे आळीपाळीने वाकून सरळ होताना कमरेत उमटणारी हालचाल. त्या सुटल्या, की उरते ती संगीताच्या साथीने केलेली कवायत.

‘लॅटिन’ ही संज्ञा सैलपणे वापरली जाते. आंतरराष्ट्रीय बॉलरूम स्पर्धांतील पाच ‘लॅटिन’ नृत्ये म्हणजे सांबा, चा-चा-चा, रुंबा, पासो दोब्ले व जाइव्ह. यांपैकी पासो दोब्ले स्पेनशी निगडित आहे, तर जाइव्हची मुळे उत्तर अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या स्विंग नृत्यांत आहेत. साल्सा आणि मेरेंगे यांना त्या यादीत स्थानच नाही. व्यायामवर्गातील नृत्ये मुख्यतः कॅरिबियन बेटे आणि कोलंबियाचा किनारा या पट्ट्यातली आहेत. प्रस्तुत नोंद त्यांपुरती आहे.

साल्साच्या उगमाचा वाद : या गटातील सर्वांत चर्चिलेले नृत्य साल्सा असून त्याच्या उगमाविषयी एकमत नाही. स्पॅनिशमध्ये ‘साल्सा’ म्हणजे सॉस. वादकांना चेव यावा म्हणून हा शब्द ओरडण्याची पद्धत जुनी आहे. क्यूबन संगीतकार इग्नासिओ पिनेइरो यांच्या १९३०च्या दशकातील ‘एचाले साल्सिता’ या गीतातही तो येतो. संगीतप्रकाराचे नाव म्हणून तो रूढ झाला तो मात्र न्यूयॉर्कमध्ये, साधारणपणे १९७०च्या सुमारास. जॉनी पाचेको व जेरी मासुची यांनी १९६४ मध्ये स्थापन केलेल्या फानिया रेकॉर्ड्स या कंपनीचा त्यात मोठा वाटा होता. टीटो प्वेंते यांच्यासारख्या ज्येष्ठ वादकांना हे नाव रुचले नव्हते. जुन्याच क्यूबन संगीतावर नवी चिठ्ठी डकवली आहे, असे त्यांचे म्हणणे. याउलट, क्यूबावरील अमेरिकी निर्बंधांनंतर न्यूयॉर्कमधील पोर्तो रिकन वादकांनी या संगीताला जो शहरी बाज दिला, त्यामुळे ते स्वतंत्र प्रकार ठरते, असे दुसरा पक्ष मानतो. संगीत-व्यवसायाचा इतिहास आणि पदन्यासाचा इतिहास वेगळे ठेवले, तर वादाचा बराच भाग निवळतो. नाव आणि वाद्यवृंदाचा बाज न्यूयॉर्कचा. पावले क्यूबाच्या ‘सोन’ या नृत्याची.

सोन हा पूर्व क्यूबातील संगीत-नृत्यप्रकार. ‘मा तेओदोरा’ या गीताच्या आधारे तो सोळाव्या शतकापर्यंत मागे नेण्याचा जुना प्रघात होता. पुढील संशोधनात तो आधार टिकला नाही. एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध हा काळ आता अधिक ग्राह्य धरतात. विसाव्या शतकाच्या आरंभी सोन हवानात आला. त्यानंतर १९४०च्या दशकात मांबो, १९५०च्या दशकाच्या आरंभी एनरिके होरीन यांच्या रचनांतून चा-चा-चा आणि त्याच दशकात हवानात ‘कासिनो’ हे गोलाकार फिरत केले जाणारे जोडीनृत्य पुढे आले. आजच्या साल्साच्या क्यूबन शैलीला क्यूबात कासिनो असेच म्हणतात.

ताल व पावले : साल्साचे संगीत चार मात्रांच्या आवर्तनात चालते, नर्तक दोन आवर्तने मिळून आठ मात्रा मोजतो. १, २, ३ आणि ५, ६, ७ या मात्रांवर पाऊल पडते. ४ व ८ वर पडत नाही. तालाचा कणा म्हणजे ‘क्लावे’ : दोन लाकडी दांड्यांवर वाजणारे, दोन आवर्तनांत पाच आघातांचे बोल. एका आवर्तनात तीन आघात, दुसऱ्यात दोन. दोन आघातांचे आवर्तन दुसऱ्या व तिसऱ्या मात्रेवर वाजते. काँगा या हाताने वाजवायच्या उंच ढोलावरील चापटीचा आघात दुसऱ्या मात्रेवर, तर घुमणारे खुले आघात चौथ्या मात्रेवर व तिच्या उत्तरार्धात येतात.

दिशाबदलाचे पाऊल कोणत्या मात्रेवर घ्यावे, याबाबत पंथ आहेत. पहिल्या मात्रेवर पुढे पाऊल टाकून परतणारी पद्धत लॉस अँजेलिसशी जोडली जाते. न्यूयॉर्कच्या पद्धतीत दिशा दुसऱ्या व सहाव्या मात्रेवर बदलते. तिची आजची सुघटित मांडणी नृत्यशिक्षक एडी टॉरेस यांच्या नावे ओळखली जाते. तिचे समर्थक काँगाच्या चापटीकडे बोट दाखवतात. सोनचा जुना पदन्यासही दुसऱ्या मात्रेपासून सुरू होऊन चौथीवर संपतो, त्यामुळे परंपरेचा दाखला त्यांच्या बाजूने अधिक वजनदार आहे. शिकण्यास मात्र पहिली पद्धत सोपी, कारण पहिली मात्रा नवशिक्याच्या कानाला लवकर सापडते. व्यायामवर्गांत बहुधा तीच असते.

मूळ पाऊल असे : १ वर डावा पाय पुढे, २ वर भार पुन्हा जागच्या उजव्या पायावर, ३ वर डावा पाय उजव्याशेजारी, ४ विराम. ५ वर उजवा पाय मागे, ६ वर भार डाव्यावर, ७ वर उजवा शेजारी, ८ विराम. पुढचे पाऊल स्वतःच्या तळव्याच्या लांबीहून मोठे नसावे. साल्साची गती मिनिटाला साधारण १६० ते २२० ठोके असते. १८० ठोक्यांना एका मात्रेला सेकंदाचा तिसरा भाग मिळतो. पाऊल लांब पडले, तर शरीराचा मध्य पुढे निघून जातो, दुसऱ्या मात्रेपर्यंत भार मागच्या पायावर परतत नाही आणि नर्तक ताल सोडून धावू लागतो. अशा वेळी गाणे फार जलद असल्याची तक्रार ऐकू येते; खरे तर पाऊल आखूड केले, की तेच गाणे आवाक्यात येते.

विरामाचीही अशीच गल्लत होते. चौथी मात्रा म्हणजे गोठून उभे राहणे नव्हे. तिसरे पाऊल पडले, तरी भार पुरता उतरलेला नसतो. तो उतरत असताना गुडघा सरळ होतो आणि कंबर त्या बाजूला बसते, तेव्हा चौथी मात्रा भरते. ही क्रिया झाली नाही, तर पाय मोकळाच राहतो आणि पुढचे पाऊल आधीच पडते. चौथीवर नुसता चवडा टेकवण्याची सवय सुरुवातीला तोल सावरण्यास बरी, पण त्या टेकवण्यात भार गेला तर पुढच्या मात्रेला चुकीचा पाय उचलला जातो.

कमरेची हालचाल समजण्यास मेरेंगे उत्तम, कारण डोमिनिकन प्रजासत्ताकातील या नृत्यात प्रत्येक मात्रेला एक पाऊल, इतकाच हिशेब असतो. गुडघा वाकवून चवड्याची आतली कड जमिनीला लावावी; भार लगेच देऊ नये. मग टाच टेकवत गुडघा सरळ करावा. त्याच क्षणी दुसरा गुडघा वाकतो आणि नितंब भार आलेल्या बाजूला सरकतात. खांदे समपातळीत राहतात. नवशिके गुडघे ताठ ठेवून कंबर थेट झोकतात. त्यात माकडहाडाच्या वरचा भाग पिळला जाऊन पाठ दुखू लागते, शिवाय हालचाल तालामागे पडते. बचातात तीन पावले बाजूला आणि चौथ्या मात्रेवर बिनभाराचा टेका, त्यासोबत कमरेची उचल. कुंबियात मागे तिरके पाऊल पडते. रेगेटॉनची लय मंद, सुमारे ९० ते १०० ठोके. तिथे गुडघे जास्त वाकलेले राहतात आणि मांड्यांना काम पडते.

व्यायाम म्हणून प्रसार : नृत्यावर आधारित व्यायामवर्ग अमेरिकेत आधीपासून होते, जूडी शेपर्ड मिसेट यांचे जॅझरसाइज १९६९ चे. लॅटिन संगीताचा वर्ग जगभर पोहोचला तो ‘झुंबा’ या नावाच्या व्यायामवर्गामुळे. कोलंबियातील काली शहराचे नृत्यशिक्षक आल्बेर्तो ‘बेटो’ पेरेस एरोबिक्सच्या वर्गाला नेहमीची ध्वनिफीत विसरून गेले आणि जवळच्या साल्सा-मेरेंगेच्या फितींवर त्यांनी वेळ निभावली, अशी कथा सांगतात. ती मुख्यतः त्यांच्या स्वतःच्या कथनावर उभी असून घटना १९९०च्या दशकातील मानतात. झुंबाची कंपनी २००१ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली. तिच्या प्राथमिक प्रशिक्षणात साल्सा, मेरेंगे, कुंबिया व रेगेटॉन हे चार ठेके पायाभूत धरले आहेत.

तासाभराच्या वर्गात जलद व मंद गाणी आलटून-पालटून येतात, त्यामुळे हृदयगती चढत-उतरत राहते. पहिली ५ ते १० मिनिटे मंद मेरेंगेवर अंग मोकळे करावे. शेवटी तितकाच वेळ गती उतरवण्यास द्यावा. नाचताना बोलता येते पण गाता येत नाही, ही मध्यम श्रमाची सोपी खूण. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम हवा. पाऊणतासाचे चार वर्ग त्यात बसतात.

दुखापती बहुधा गिरकीत होतात. धावण्याच्या बुटांचा खाचदार रबरी तळ जमिनीला धरून राहतो; शरीर वळते, पाऊल वळत नाही आणि पीळ गुडघ्यावर येतो. म्हणून टाच किंचित उचलून चवड्यावरच वळावे आणि तळ गुळगुळीत असलेले, घोटा व टाच घट्ट धरणारे बूट वापरावेत. नर्तकांच्या बुटांना यासाठीच चामड्याचा किंवा स्वेडचा तळ असतो. लाकडी जमीन उत्तम. काँक्रीटवर किंवा फरशीवर नाचायचे असल्यास उड्या गाळून त्याच ठेक्यावर पाऊल जमिनीलगत ठेवावे, अन्यथा काही आठवड्यांतच नडग्या दुखू लागतात.