जुन्या मॉडेल रेल्वेच्या डब्यांची चाकं बदलताय? आधी पाठीमागचा गॅप मोजा

सरळ रुळावर डबा मस्त पळतो, सांधा (रूळ फुटून दुसरीकडे वळतो ती जागा) आला की पडतो, उचलून ठेवला की पुढच्या फेरीला बरोब्बर तिथंच पडतो. जुने मॉडेल डबे ज्यांनी चालवलेत त्यांना हे दुखणं माहितीय, आणि अशावेळी माणूस आधी सांध्यालाच दोष देतो. मीपण दिला, दोन सांधे उखडून परत बसवले, आणि चूक निघाली चाकात, तीही अर्ध्या मिलीमीटरची.

डबे मला मिळाले भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या एका जुन्या घरातून, घर रिकामं करताना खोक्यात सहा ब्रिटिश पॅसेंजर डबे निघाले, ओओ स्केलचे. ओओ म्हणजे खऱ्यातला १ फूट मॉडेलात ४ मिलीमीटर, साधारण १:७६, आणि रुळांमधलं अंतर १६.५ मिलीमीटर. खरं तर ब्रिटनचा गेज ४ फूट साडेआठ इंच, त्या हिशोबाने रूळ १८.८३ चे हवेत, पण ब्रिटिश इंजिनं अंगाने लहान, त्यात मोटर मावेना, म्हणून अंग थोडं मोठं केलं आणि रूळ मात्र एचओ या थोड्या लहान स्केलचेच ठेवले. तेव्हापासून ओओची गाडी रुंद अंगाने अरुंद रुळावर चालतेय.

आमच्या शेजारचे काका रेल्वेच्या कॅरेज-वॅगनमधून, म्हणजे डबे तपासणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या खात्यातून रिटायर झालेले. डबा पडताना त्यांनी दोनदा पाहिला आणि म्हणाले, "भो, सांध्याला काय बडवतो, चाकाला गेज लाव आधी." खऱ्या गाडीत हेच बघतात. आपल्या ब्रॉडगेजला रुळांमधलं अंतर १६७६ मिलीमीटर, आणि एका ॲक्सलवरच्या दोन चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर १६००. म्हणजे ७६ चा फरक, त्यात दोन्ही चाकांच्या फ्लँज (चाकाला रुळावरून घसरू न देणारी आतली कड) आणि थोडी मोकळीक बसते. हेच १:७६ ने लहान केलं तर १ मिलीमीटर येतो. पण ओओत पाठींमधलं अंतर १४.५ च्या आसपास ठेवतात, म्हणजे फरक २ मिलीमीटर, दुप्पट! कारण एवढ्या छोट्या चाकाला खऱ्या प्रमाणातली फ्लँज दिली तर ती कागदासारखी होईल आणि डबा रुळावर टिकणं अवघड होईल.

आता हा गॅप सांध्यावरच का नडतो ते बघा. क्रॉसिंगला जिथं एक रूळ दुसऱ्याला छेदतो तिथं फ्लँज जायला फट सोडावी लागते, त्या फटीत चाक भलत्या बाजूला जाऊ नये म्हणून समोरच्या रुळाला आतून चेक रेल लावलेला असतो, तो समोरच्या चाकाला पाठीकडून धरून ठेवतो. म्हणजे इथं काम फ्लँजच्या पुढच्या बाजूचं नाही, पाठीचं आहे. गॅप कमी असेल तर एकीकडे चेक रेल आणि दुसरीकडे क्रॉसिंगचा विंग रेल (फटीच्या कडेचा वाकवलेला रूळ), या दोघांना चाकजोडी वरून आवळते, अडकते आणि वर चढते. गॅप जास्त असेल तर उलटं, फ्लँज थेट क्रॉसिंगच्या नाकावर, म्हणजे दोन रूळ मिळतात त्या टोकावर आपटते. जळगावला सराफीत असलेल्या मावसभावाचा डिजिटल व्हर्निअर आणून मोजलं तर माझ्या डब्यांचा गॅप १४ भरला, आणि फ्लँज दीड मिलीमीटर खोल, जाडजूड.

मग जुनीच चाकं ओढून १४.५ ला आणायची ना? नाही जमत. जाड फ्लँज बाहेर सरकवली की ती पुढून रुळाला आणि नाकाला घासते. शिवाय जुन्या रुळाची उंची अडीच मिलीमीटर, ज्याला कोड १०० म्हणतात, म्हणजे इंचाचा शंभर सहस्रांश. नाजूक कोड ७५ चा रूळ १.९ चा, त्यावर खोल फ्लँज रूळ धरणाऱ्या चेअरवर आपटत जाते, टकटकटक. नव्या चाकांची फ्लँज माझ्या जुन्याच्या जवळपास निम्मी आहे. त्यामुळे चाकजोडी अख्खी बदलायची, दुसरा उपाय नाही.

इथं एक शब्द. आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो, पण खरी बोगी म्हणजे डब्याखालचा चाकांचा सांगाडा. मॉडेलात हा सांगाडा जुना प्लास्टिकचा असतो, किंचित फाकवून चाकजोडी काढावी लागते, आणि साठ वर्षांचं प्लास्टिक फाकवलं की कडकन तुटतं. मी हेअर ड्रायरने कोमट करून काढलं, एकही तुटला नाही.

नवी चाकं घ्यायच्या आधी तीन गोष्टी तपासा. व्यास: डब्याला १४ मिलीमीटर, मालगाडीची १२.६ ची बसवली तर डबा ०.७ ने खाली बसतो आणि कपलिंग जुळत नाही. ॲक्सलची लांबी टोकापासून टोकापर्यंत: हल्ली २६ सर्रास मिळते, पण जुन्या डब्यांना ती लागेलच असं नाही. जास्त लांब घातली तर सांगाडा फाकून चाक आवळतं, आखूड घातली तर ती डुगडुगते. आणि तिसरं म्हणजे इन्सुलेशन. दोन रुळांवर करंटचे दोन पोल असतात, धातूची दोन्ही चाकं धातूच्याच ॲक्सलवर बसली की सरळ शॉर्ट, म्हणून निदान एका चाकात प्लास्टिकचा बुश हवा. १९३८ ची हॉर्नबी डब्लो ही ब्रिटिश मॉडेल गाडी तीन रुळांची होती, तिथं दोन्ही बाहेरचे रूळ एकाच पोलचे, त्यामुळे चाकांना इन्सुलेशनची गरजच नव्हती, असा डबा आज दोन रुळांवर ठेवला की कंट्रोलर ट्रिप. मल्टिमीटर बीपवर ठेवून दोन्ही चाकांना लावा, आवाज यायला नको. सांगाडा धातूचा असेल तर बुश असलेली सगळी चाकं एकाच बाजूला ठेवा, नाहीतर करंट सांगाड्यातून फिरून शॉर्ट करतो, यात माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

मला सगळ्यात भारी वाटलं ते ॲक्सलच्या टोकाचं गणित. जुना ॲक्सल २ मिलीमीटर जाड, गोल भोकात फिरणारा, म्हणजे घर्षण मध्यापासून १ मिलीमीटरवर, आणि चाकाची त्रिज्या ७, तर घर्षणाचा सातवा हिस्सा गाडीला ओढावा लागतो. नवा ॲक्सल टोकदार, पितळी वाटीत सुईसारखा टेकतो, घर्षण मध्याच्या अगदी जवळ, म्हणजे ओढ कितीतरी कमी. मी १ मीटरच्या प्लायवर डबा ठेवून एक टोक हळूहळू उचललं. जुन्या चाकांनी ४ सेंटिमीटर उचलल्यावर डबा हलून चालत राहिला, नव्यांनी दीडमध्येच. तेच इंजिन आता सहाचे सहा डबे चढावर ओढेल हे तिथंच कळलं. तेल मात्र घालू नका, आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या धुळीत त्याचं दोन दिवसांत काळं कीट होतं, जुन्या प्लास्टिकच्या चाकांवर जमतं तसंच.

गॅप तपासायला व्हर्निअर दरवेळी कोण काढणार, म्हणून ओळखीच्या लेथवाल्याकडून १४.५ चा पितळी ठोकळा करून घेतला, चाकांच्या मधे सरकवायचा, अडकला तर हलकेच फिरवत चाक बाहेर, ढिला झाला तर आत. काका एकेक चाकजोडी डोळ्यासमोर धरून तो ठोकळा लावत होते, पास, पास, ही नाही, पास.

पाच डबे झालेत, ठरलेल्या सांध्यावरून आता दोन्ही बाजूंनी पळतात. सहाव्याचा ॲक्सल २४.६ भरतोय, त्या मापाचा कुठं मिळेना, तर २६ चीच दोन्ही टोकं घासून परत टोक काढायचं असं लेथवाल्याशी ठरलंय, दिवाळीनंतर.