डाव्या पायाची सुटका

जुन्या गाड्यांत गिअर बदलणं ही कसरतच होती. क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, अंदाजाने ॲक्सिलरेटर द्या, पुन्हा क्लच. जरा चुकलं की दाते करकरा वाजलेच. स्टर्टेव्हंट बंधूंनी १९०४ मध्ये बोस्टनला फिरत्या वजनांच्या जोरावर आपोआप गिअर टाकणारी पेटी करून पाहिली, पण ती भरवशाची निघाली नाही. दात्यांची करकर पुढे इंजिनिअर अर्ल थॉम्पसन यांच्या सिंक्रोमेशने, म्हणजे दाते अडकण्याआधी त्यांचा वेग जुळवणाऱ्या यंत्रणेने, थांबवली. १९२८ च्या सुमारास ते कॅडिलॅकमध्ये आलं. क्लच मात्र डाव्या पायाखालीच राहिला.

तो काढायची किल्ली जहाजांकडे होती. हेर्मान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरने १९०५ मध्ये जहाजांसाठी तेलातून ताकद पोचवण्याच्या युक्तीचं पेटंट घेतलं. तेलाने भरलेल्या डब्यात समोरासमोर दोन पंखे. इंजिन एक पंखा फिरवतं, उसळलेलं तेल दुसऱ्याला फिरवतं. ब्रेक दाबून गाडी उभी केली तर दुसरा पंखा थांबतो, तेल घसरत राहतं आणि इंजिन बंद पडत नाही. ब्रेक सोडला की गाडी आपसूक हळूच पुढे सरकते.

थॉम्पसन यांच्याच चमूने ही युक्ती चार गिअरच्या पेटीला जोडली. गिअर कधी बदलायचा हे तेलाचा दाब ठरवू लागला. जनरल मोटर्सची ही हायड्रामॅटिक १९४० च्या ओल्ड्समोबिल मॉडेलमध्ये आली आणि युद्धात थेट रणगाड्यांत बसली. १९४८ च्या ब्यूक डायनाफ्लोमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आला, म्हणजे तेलातल्या पंख्यांचाच, पण इंजिनाचा पीळ वाढवून देणारा प्रकार. गाडी लोण्यासारखी चालायची, पण आळशी. घसरत्या तेलात ताकद वाया जायची. दोन्ही पंखे गरजेनुसार जखडून ठेवणारा क्लच पॅकार्डने १९४९ मध्ये बसवला. मला तरी खरी हुशारी तिथे दिसते.

सुरुवातीच्या हायड्रामॅटिकमध्ये रिव्हर्स हा ‘लो’च्या, म्हणजे पुढे जायच्या सर्वांत खालच्या गिअरच्या, शेजारीच होता. चिखलात रुतलेली गाडी मागे-पुढे हलवायला सोयीचं, एरवी धोक्याचं. अमेरिकेत १९६८ पासून दोन्हींच्या मधे न्यूट्रल हवाच, असा नियम झाला.

नेदरलँड्सच्या डाफने १९५८ मध्ये गिअरऐवजी रबरी पट्टे लावले. २००३ मध्ये फोक्सवॅगनने दुहेरी क्लचची पेटी रोजच्या गाडीत आणली; एक क्लच चालू गिअर सांभाळतो, दुसरा पुढचा तयार ठेवतो. पुढे गिअरचा दांडा आणि पेटी यांच्यात नुसती वायर उरली, तसा दांड्याचा आकार डिझायनरच्या मर्जीवर गेला: कुठे गोल चकती, कुठे बटणं.

इलेक्ट्रिक गाड्यांत बहुधा एकच गिअर असतो, तेलातले पंखे तर नसतातच. तरीही ब्रेक सोडल्यावर त्यांतल्या कित्येक हळूच पुढे सरकतात. ते सरकणं सॉफ्टवेअरमध्ये मुद्दाम लिहिलेलं असतं.