पितळ, ड्रम आणि नव्वदचा आकडा

झाडलेल्या काडतुसांच्या काळवंडलेल्या रिकाम्या पुंगळ्या ड्रममध्ये टाकायच्या, वरून पाणी आणि स्टीलच्या बारीक काड्या ओतायच्या, बटण दाबायचं आणि काही तासांनी सोन्यासारखं लखलखीत पितळ बाहेर काढायचं. अमेरिकेतल्या हौशी नेमबाजांचे असे व्हिडिओ हल्ली मोबाईलवर खूप फिरतात. तिकडे बरेच जण झाडलेली काडतुसं घरीच पुन्हा भरतात. आपल्याकडे ही हौस करायला जाऊ नका. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे. यंत्राला मात्र आत काय टाकलंय याचं सोयरसुतक नसतं. हिंगणा एमआयडीसीत पितळी फिटिंग बनवणाऱ्या माझ्या मेहुण्याने असाच एक व्हिडिओ पाठवला, सोबत एका विक्रेत्याची जाहिरात आणि एक प्रश्न: "भाऊजी, घेऊन टाकू काय?" जाहिरातीत ठळक अक्षरांत होतं, ‘३० सेंटिमीटरचा ड्रम, तब्बल ९० आरपीएम! जितका वेग, तितकी सफाई!’ (आरपीएम म्हणजे मिनिटाला फेरे.)

यातलं शेवटचं वाक्य साफ चूक आहे, आणि ते दाखवायला दहावीचं गणित पुरतं.

ड्रम आडवा फिरतो आणि आतली वस्तू भिंतीला धरून वर चढते. वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूला केंद्राकडे ओढणारं बल लागतंच. वस्तू अगदी माथ्यावर पोचली की गुरुत्वाकर्षण तिला सरळ खाली, म्हणजे केंद्राकडेच ओढत असतं. वेग कमी असेल तर वजन या गरजेपेक्षा जास्त भरतं आणि वस्तू माथा गाठण्याआधीच भिंत सोडून घसरते किंवा पडते. वेग वाढवत नेला की एका क्षणी सगळं वजन नुसतं गोल फिरवण्यातच खर्ची पडतं. तिथून पुढे वस्तू पडतच नाही, भिंतीला चिकटून ड्रमसोबत फिरत राहते. हा झाला क्रांतिक वेग. समीकरण मांडलं की दोन्ही बाजूंचं वस्तुमान कटतं. म्हणजे जड पुंगळी असो की हलकी काडी, दोघींचा क्रांतिक वेग एकच! उरतो फक्त ड्रमचा व्यास: ४२.३ला मीटरमधल्या व्यासाच्या वर्गमुळाने भागा, मिनिटाला किती फेरे ते मिळतं. २० सेंटिमीटरच्या ड्रमला साधारण ९५, ३० सेंटिमीटरच्या ड्रमला ७७.

आता जाहिरातीतले नव्वद पुन्हा वाचा. त्या वेगाला बाहेरचा थर भिंतीला धरून नुसता प्रदक्षिणा घालणार. काही घासलं जाणार नाही, वीजबिल तेवढं येईल. समोरून कपडे टाकायच्या वॉशिंग मशीनमध्ये हेच दिसतं: धुताना ड्रम सावकाश फिरतो आणि कपडे वरून आपटतात, पिळताना भन्नाट फिरतो आणि कपडे भिंतीला चिकटतात. पिळण्याच्या वेगाने कुणी कपडे धूत नाही.

नागपूरकरांना हे सूत्र परकं वाटू नये. भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय आपल्याच गावात आहे आणि त्यांची खनिज प्रक्रियेची प्रयोगशाळा हिंगण्यालाच. खनिज दळणाऱ्या बॉल मिलचा, म्हणजे गोळे घातलेल्या फिरत्या ड्रमचा, वेग ठरवतात तो याच सूत्रावरून, बहुधा क्रांतिक वेगाच्या ६५ ते ८० टक्के. तिथे गोळे उंचावरून आदळायला हवे असतात, कारण दगड फोडायचा असतो. पितळेला आदळणं नको. पुंगळीचं तोंड पातळ असतं, आपटून आपटून त्याची कड ठेचली जाते. फिटिंगच्या आट्यांचीही तीच गत. म्हणून इथे वेग क्रांतिकच्या निम्म्याच्या आसपास ठेवावा, म्हणजे माल उडत नाही, उतारावरून ओघळत राहतो.

आता खरी गंमत. ड्रमला काचेचं झाकण लावून बाजूने पाहिलं तर सगळा माल ढवळला जात नाही हे लगेच दिसतं. बहुतेक ढीग घट्ट गठ्ठ्यासारखा भिंतीसोबत वर जातो. हालचाल असते ती वरच्या पातळ, तिरक्या थरात. घर्षण तिथेच होतं, सफाईही तिथेच. खालच्या गठ्ठ्यातली प्रत्येक पुंगळी आपली पाळी येण्याची वाट पाहत असते. हा थर लांबीला सर्वांत जास्त केव्हा? ड्रम बरोबर अर्धा भरलेला असताना, कारण तेव्हा ढिगाचा पृष्ठभाग व्यासाएवढा रुंद असतो. अर्ध्यापेक्षा जास्त भरला की आसाभोवतीचा गाभा वाहत्या थराच्या खाली दबतो. तो फिरतो, पण थरापर्यंत येत नाही. त्यात अडकलेल्या वस्तू तासन् तास फिरूनही मळकटच राहतात. जाहिरातीत ‘दहा किलो क्षमता’ असं काही वाचताना हे ध्यानात ठेवा. ड्रमची भिंत गुळगुळीत असेल तर साबणाच्या पाण्यात अख्खा ढीगच तळाशी घसरत बसतो, म्हणून षट्कोनी, आतून रबर लावलेला ड्रम चांगला.

दुसरा पर्याय व्हायब्रोचा. त्याचा वाडगा फिरत नाही, थरथरतो. मोटरच्या दांड्यावर एका बाजूला वजन असतं. त्यात अक्रोडाच्या कवचाचा किंवा मक्याच्या कणसाचा भरडा कोरडाच घालतात. चमक छान येते, पण आतले कोनेकोपरे राहून जातात आणि धूळ उडते. झाडलेल्या पुंगळीत त्या धुळीत शिसं असतं, कारण ठिणगी देणाऱ्या टोपीच्या मसाल्यात बहुधा शिशाचं संयुग असतं. पाण्याचा ड्रम त्या बाबतीत बरा, फक्त ते पाणी मोरीत ओतायचं नाही.

पाण्यात भांड्याचा साबण आणि चिमूटभर लिंबूसत्त्व पुरतं. आजी चिंचेने समई घासायची त्यामागचं रसायन हेच: आम्ल तांब्याच्या ऑक्साइडला विरघळवतं. पितळेतल्या ‘सकारात्मक ऊर्जे’चा इथे काही संबंध नाही. आम्ल जास्त झालं तर पितळेतलं जस्त निघून जातं आणि वस्तू गुलाबी पडते. अमोनिया असलेलं पॉलिश मात्र वर्ज्यच समजा. ब्रिटिश काळात पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या आपोआप तडकायच्या. ओढून बनवलेल्या पितळेत ताण दडलेला असतो, त्यावर घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि ओलावा यांचा मारा झाला की धातूच्या कणांच्या सीमांवरून भेगा पसरतात. मूर, बेकिनसेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ साली याचा सविस्तर उलगडा केला. पुंगळीचं पितळ सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त असं असतं, आणि जस्त इतकं असलं की हा धोका चांगलाच असतो.

मेहुण्याला सांगितलं, तीसचाच ड्रम घे, पण पुली बदलून वेग चाळीसच्या आसपास आण, आणि माल, काड्या, पाणी सगळं मिळून निम्म्याच्या वर जाऊ देऊ नकोस. विक्रेत्याने त्याला विचारलं म्हणे, मोठी पुली कशाला हवी, वेग कमी होईल ना?