खालची दुर्बीण आणि तिच्यामागची दोनशे वर्षं

शौचावाटे रक्त जायला लागलं की आपल्याकडे पहिलं निदान घरातच होतं: मूळव्याध. मग सुरण, ताक, इसबगोल, मेडिकलमधून आणलेलं मलम. त्यात महिने निघून जातात. पुढे कधीतरी हिमोग्लोबिन नऊवर आलेलं दिसतं, नाहीतर पोटाची वर्षानुवर्षांची सवय बिघडल्याचं लक्षात येतं, आणि डॉक्टर म्हणतात, “एकदा खालून दुर्बीण घालून बघून घेऊ.” सोबत एक छापील कागद हातात पडतो. बियांची फळं आणि पालेभाज्या बंद. लोहाच्या गोळ्या काही दिवस आधीपासून थांबवा. पावडर पाण्यात मिसळून अर्धी रात्री, अर्धी पहाटे घ्या. घरचं माणूस बरोबर आणा. तळाशी सहीची जागा: गरज पडल्यास पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर उगवलेली लहानशी गाठ, काढायला संमती आहे.

कागद वाचून पोटात गोळा येतो, ते साहजिक आहे. पण त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ आधी कुणाचं तरी काहीतरी फसलं, दुखलं किंवा जिवावर बेतलं म्हणून तिथे आलेली आहे. कोलोनोस्कोपीची, म्हणजे या खालच्या दुर्बिणीची, जी भीती घराघरांत सांगितली जाते, ती बरीचशी या तपासणीची नाहीच. ती तिच्या आधीच्या तपासणीची आहे.

आत डोकावण्याची खटपट तशी फार जुनी. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात मूळव्याधीसाठी जे यंत्र सांगितलं आहे, ते गाईच्या सडाच्या आकाराचं आणि चार अंगुळं लांब; धातूचं, हस्तिदंताचं, शिंगाचं किंवा लाकडाचं. नुसतं बघायचं असेल तर दोन छिद्रांचं, क्षार लावायचा किंवा डाग द्यायचा असेल तर एका छिद्राचं. आज ओपीडीत मूळव्याध बघायला वापरतात तो प्रॉक्टोस्कोप याच घराण्यातला. मात्र ‘आपल्याकडे सगळं होतंच’ असं म्हणण्याचा मोह इथे आवरावा. चार अंगुळांच्या पलीकडे सुश्रुतालाही काही दिसत नव्हतं.

पलीकडचं दिसायचं तर उजेड आत न्यायला हवा. फ्रँकफर्टच्या फिलिप बोझिनी या डॉक्टरने 1806च्या सुमारास मेणबत्ती आणि आरसा बसवलेली एक नळी केली. व्हिएन्नातल्या वैद्यकीय धुरिणांनी तिला शरीरात दाखवायचा जादूचा कंदील ठरवून बाजूला सारलं, आणि 1809मध्ये बोझिनी टायफसने गेला तेव्हा तो पस्तिशीचा होता. 1853मध्ये पॅरिसच्या देझोर्मो यांनी मेणबत्तीच्या जागी अल्कोहोल आणि टर्पेंटाइनवर जळणारा दिवा आणला. उजेड वाढला, भाजण्याचा धोकाही वाढला. एडिसनचा विजेचा दिवा आल्यावर हा प्रश्न हळूहळू सुटला, पण नळी सरळच राहिली.

मोठं आतडं मात्र सरळ नाही. ते साधारण दीड मीटर लांब, खालून बघत गेलं तर डाव्या बाजूने वर चढतं, आडवं जातं, यकृताखाली वळतं आणि उजवीकडे खाली उतरतं. शिवाय मध्ये सिग्मॉइडचा, म्हणजे मलाशयाच्या वरच्या वळणदार भागाचा, मोकळा झोका, जो प्रत्येकाच्या पोटात वेगळा पडलेला असतो. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या हॉवर्ड केली यांनी 1895मध्ये लांब धातूची नळी प्रचारात आणली आणि पुढची सत्तर वर्षं सगळी मदार तसल्याच नळ्यांवर होती. त्या पंचवीस-तीस सेंटिमीटरपर्यंत पोचायच्या. रुग्ण टेबलावर गुडघे आणि कोपरांवर ओणवा, पूर्ण जागा, आणि आत पोलादी नळी. एखाद्या आजोबांनी ‘मला कधीतरी खालून तपासलं होतं, पुन्हा नाव काढू नका’ असं सांगितलं असेल, तर ते बहुधा याच नळीबद्दल असणार. उरलेल्या सव्वा मीटरसाठी एक्स-रेत उठून दिसणाऱ्या बेरियमचा एनिमा देऊन फोटो काढत. त्यात सावली दिसायची. ती सावली गाठीची, की न निघालेल्या मळाची, हे डॉक्टरने अनुभवावर ओळखायचं, आणि तपासायला तुकडा काढायची सोयच नव्हती.

वळणाऱ्या दुर्बिणीचा रस्ता काचेच्या धाग्यांतून निघाला. म्युनिकमध्ये शिकणाऱ्या हाइनरिश लाम या विद्यार्थ्याने 1930मध्ये अशा धाग्यांच्या जुडग्यातून एक धूसर चित्र पार नेऊन दाखवलं होतं, पण ते तिथेच राहिलं. मग जानेवारी 1954च्या ‘नेचर’मध्ये लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधल्या हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि नरिंदरसिंग कपानी यांचा लेख आला. कपानी पंजाबातल्या मोग्याचे, आग्र्याला शिकलेले. 2020च्या डिसेंबरात ते गेले आणि पुढच्याच महिन्यात त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झालं. बातम्यांतून त्यांची ओळख इंटरनेटच्या केबलशी जोडून करून दिली गेली. त्यांच्या त्या लेखाचा पहिला मोठा फायदा मात्र पोटाच्या रोग्यांना झाला.

तो लेख वाचून मिशिगन विद्यापीठातले बॅसिल हिर्शोविट्झ थेट लंडनला जाऊन दोघांना भेटले. परतल्यावर अडचण कळली: धागे एकमेकांना टेकले की एकातला उजेड दुसऱ्यात गळतो आणि चित्र विस्कटतं. लॅरी कर्टिस या तिथल्याच विद्यार्थ्याने 1956च्या डिसेंबरात प्रत्येक धाग्यावर वेगळ्या काचेचं आवरण चढवून ही गळती थांबवली. काही आठवड्यांतच, 1957मध्ये, हिर्शोविट्झ यांनी तयार झालेली दुर्बीण आधी स्वतः गिळली आणि मगच रुग्णाला दिली.

जठर तसं सोपं. तोंडातून गेलं की सरळ खाली. मोठ्या आतड्यात खालून वर जायचं आणि वळणांवर आतडं ताणायचं नाही, हे फार अवघड निघालं. ते साधण्यासाठी लोकांनी काय काय केलं, त्यात सार्डिनियातल्या कालियारीची गोष्ट सगळ्यांत विलक्षण आहे. तिथल्या प्रोव्हेंझाले आणि रेव्हिन्यास यांनी 1965मध्ये रुग्णाला एक लांब बारीक नळी तोंडाने गिळायला दिली. ती सगळं आतडं पार करून खालून बाहेर यायची वाट बघितली. मग बाहेर आलेल्या टोकाला दुर्बीण बांधली आणि वरचं टोक ओढत ती सिकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत, आणली. संपूर्ण मोठं आतडं आतून बघण्याचा हा पहिलावहिला प्रकार. पद्धत म्हणून ती टिकणं शक्यच नव्हतं.

जपानमध्ये निवा आणि मात्सुनागा, अमेरिकेत बर्गीन ओव्हरहोल्ट असे अनेक जण तेव्हा खालूनच जाणाऱ्या लवचिक दुर्बिणीवर झटत होते. न्यूयॉर्कच्या बेथ इस्रायल रुग्णालयात विल्यम वुल्फ आणि मूळचे जपानी असलेले हिरोमी शिन्या यांनी 1969पासून संपूर्ण आतड्याची तपासणी नेमाने सुरू केली. काही ठिकाणी या कामाला दोन माणसं लागत, एक टोक वळवणारी चाकं फिरवायला आणि एक नळी ढकलायला, आणि नळी कुठे वेटोळं घालतेय ते एक्स-रेवर बघावं लागे. शिन्यांनी डाव्या हाताने टोक वळवायचं आणि उजव्या हाताने नळी पिळत, मागे घेत, पुन्हा सरकवत न्यायची, अशी एकट्याने करायची रीत बसवली. आजही शिकाऊ डॉक्टरला पहिल्यांदा हेच सांगतात, की ढकलू नकोस, मागे घे. मागे घेतल्यावर वेटोळं सुटतं आणि दुर्बीण आपोआप पुढे सरकते. जिथे ढकललं जातं तिथे दुखतं.

पण शिन्यांचं मोठं काम वेगळंच आहे. 1969च्या सप्टेंबरात त्यांनी दुर्बिणीतून तारेचा फास आत नेला, पॉलिपच्या देठाभोवती आवळला आणि वीज सोडून तो कापला. त्याआधी आतड्याच्या वरच्या भागातला पॉलिप काढायचा तर पोट उघडावं लागायचं. बोराएवढ्या गाठीसाठी टाके, आठवडाभर खाट आणि ऑपरेशनचा सगळा धोका. वुल्फ आणि शिन्यांचा पॉलिप काढण्याच्या अनुभवावरचा लेख 1973मध्ये प्रसिद्ध झाला आणि बघण्याची तपासणी त्याच बैठकीत उपचारही करू लागली. कागदाच्या तळाशी असलेली संमतीची ओळ इथून आली. ती वाचून ‘म्हणजे यांना काहीतरी सापडणार याची खात्रीच आहे’ असा अर्थ लोक काढतात. तसं काही नसतं. भुलीतल्या माणसाला उठवून विचारता येत नाही, एवढंच.

पॉलिप काढून उपयोग काय, यावर मात्र बराच काळ वाद होता. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातले बॅसिल मॉर्सन यांनी हजारो नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून मांडलं, की मोठ्या आतड्याचे बहुतेक कॅन्सर आधी अडेनोमाच्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या एका प्रकारच्या पॉलिपच्या, रूपात असतात आणि तो बदल व्हायला अनेक वर्षं जातात. सगळे पॉलिप बिघडत नाहीत, पण कुठला बिघडेल हे आधी कळत नाही. 1993मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल पॉलिप स्टडीने दाखवलं की अडेनोमा काढलेल्यांत पुढे कॅन्सरचं प्रमाण अपेक्षेपेक्षा 76 ते 90 टक्क्यांनी कमी राहिलं. एका अवयवाचा कॅन्सर होण्याआधीच खुडता येतो, असं सांगणारी उदाहरणं वैद्यकात फार नाहीत.

आता पावडर. कुणालाही विचारा, तपासणीपेक्षा आदल्या रात्रीचीच तक्रार जास्त असते. पूर्वी दोन-तीन दिवस पातळ आहार, एरंडेल आणि वर एनिमा असा बेत असायचा. मग मॅनिटॉल आलं. चवीला गोड, स्वस्त आणि आतडं लख्ख करणारं. पण मॅनिटॉलवर आतड्यातले जिवाणू पोसतात आणि हायड्रोजन तयार होतो. 1979मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एक घटना नोंदवली: पॉलिप कापण्यासाठी वीज सोडली आणि आतड्यात स्फोट झाला. रुग्ण वाचला नाही. फॉस्फेटच्या औषधांचा घोट लहान होता, पण काही जणांची मूत्रपिंडं त्यांनी निकामी केली. 2008मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला त्यांबद्दल कडक इशारा द्यावा लागला.

टिकलं ते पॉलिएथिलीन ग्लायकॉल, डॉक्टर ज्याला नुसतं पेग म्हणतात. टेक्ससमधल्या जॉन फोर्ट्रान यांच्या गटाने 1980मध्ये पेग आणि क्षार यांचं असं मिश्रण बसवलं, की ते आतड्यातून शोषलंही जात नाही आणि शरीरातलं पाणी ओढूनही घेत नाही. जेवढं प्यायलं जवळपास तेवढंच खालून येतं. म्हणून तर ते इतकं प्यावं लागतं, आणि म्हणूनच ते हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या रोग्यालाही बहुधा चालतं. तेव्हा चार लिटर प्यावं लागे, आता आपल्याकडे बहुतेक ठिकाणी दोनावर भागतं. त्यातलं सल्फेट त्या विचित्र चवीला जबाबदार आहे. गार करून, लिंबू पिळून, नाक दाबून, कसंही प्या, पण अर्धं पहाटे प्यायला सांगितलं असेल तर ते रात्रीच उरकू नका. रात्रभरात लहान आतड्यातून पित्तमिश्रित चिकट द्राव उतरतो आणि नेमका उजव्या बाजूला बसतो, जिथे चपटे पॉलिप आधीच नजरेतून निसटतात. लोहाच्या गोळ्यांनी मळ काळा आणि चिवट होतो. पेरूच्या आणि टोमॅटोच्या बिया दुर्बिणीची ओढून घेणारी नळी तुंबवतात.

1983मध्ये वेल्च ॲलिन कंपनीने दुर्बिणीच्या टोकालाच कॅमेऱ्याची चिप बसवली. तोवर डॉक्टर एक डोळा मिटून बघायचा आणि खोलीतल्या बाकीच्यांना काहीच दिसायचं नाही. पडदा आला तसे रिपोर्टवर फोटोही आले. भूलही बदलली. मिडाझोलॅम, प्रोपोफॉल यांसारख्या औषधांमुळे बहुतेकांना झोप लागते किंवा नंतर काही आठवत नाही. घरचं माणूस आणायला सांगतात ते त्यासाठी. त्या दिवशी गाडी चालवायची नाही आणि डॉक्टर काय म्हणाले ते ऐकायला शुद्धीवरचे कान हवेत. धोका शून्यावर आलेला नाही. आतड्याला छिद्र पडणं किंवा रक्तस्राव क्वचित घडतो, आणि पॉलिप काढल्यावर त्याची शक्यता थोडी वाढते.

अमेरिकेत ही तपासणी घरोघरी पोचली ती राजकारण आणि टीव्हीमुळे. जुलै 1985मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या कोलोनोस्कोपीत सिकमजवळ मोठी गाठ सापडली, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं आणि तेवढे काही तास अधिकार उपाध्यक्ष बुश यांच्याकडे गेले. 2000मध्ये केटी कुरिक या निवेदिकेने स्वतःची कोलोनोस्कोपी टीव्हीवर दाखवली. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी याच कॅन्सरने गेला होता. तिथे काही त्रास नसतानाही ही तपासणी करून घ्यायची पद्धत आहे आणि 2021मध्ये त्यासाठीचं वय पन्नासवरून पंचेचाळीसवर आणलं गेलं.

आपल्याकडचं चित्र वेगळं आहे. सरकारी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरची तपासणी आहे, मोठ्या आतड्याची नाही. या कॅन्सरचं प्रमाण इथे पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच कमी असल्याने ते समजण्यासारखं आहे. पण त्यामुळे आपल्याकडे दुर्बिणीच्या टेबलावर येणारा माणूस बहुधा त्रास घेऊनच आलेला असतो, आणि मूळव्याधीच्या समजुतीत वेळ घालवून आलेला असतो. मूळव्याध असतेही पुष्कळदा. ती आहे म्हणून वरच्या बाजूला दुसरं काही नाही, असं मात्र होत नाही.

शिवाय इथे शोध नुसत्या कॅन्सरचा नसतो. मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण आणणारा अल्सरेटिव्ह कोलायटिस, अमिबाचे व्रण, आणि मुख्य म्हणजे आतड्याचा टीबी. म्हणून भारतातला डॉक्टर सिकमपाशी थांबत नाही. झडपेतून आत जाऊन लहान आतड्याचं शेवटचं टोक बघतो आणि तिथले तुकडे घेतो. टीबी आणि क्रोन्स (आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणि व्रण आणणारा आजार) या दोघांचंही हे आवडतं ठिकाण. व्रण दिसायला सारखे, तुकड्याचा रिपोर्टही कित्येकदा दोन्हींकडे बोट दाखवणारा, आणि उपचार मात्र एकमेकांच्या उलट: क्रोन्ससाठी दिलेली प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं टीबीच्या रोग्याला महागात पडतात. अशा वेळी कित्येकदा आधी टीबीची औषधं सुरू करतात आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरलेत का ते बघतात. पहिल्या तपासणीनंतर दुसरीची तारीख मिळाली की घरचे हादरतात. त्या दुसऱ्या खेपेला डॉक्टर बहुतेक एवढंच बघत असतो.