पत्र्याच्या पेटीतली ऊब

थंडीत गाडीत झोपायची पहिलीच वेळ असली की बहुतेकांची एका गोष्टीत फसगत होते. दार लावताच वारा थांबतो, आवाज थांबतो आणि घरात शिरल्यासारखं वाटतं. प्रवासातली ऊब आत शिल्लक असते, त्यामुळे जाड पांघरुणाची गरजच वाटत नाही. तास-दीड तासात ती ऊब निघून जाते आणि आतलं तापमान जवळजवळ बाहेरच्याइतकंच होतं. गाडी वारा आणि पाऊस अडवते. थंडी अडवणं हे तिचं काम नाही, ती त्यासाठी बनवलेलीही नाही.

गाडीचा पत्रा एक मिलीमीटरपेक्षाही पातळ असतो आणि पोलादातून उष्णता स्थिर हवेपेक्षा सुमारे दोन हजार पट सहज वाहते. काचेतून ती तितकी वाहत नाही, पण काच जेमतेम तीन ते पाच मिलीमीटर जाडीची, आणि चारही बाजूंना तीच. शिवाय अंगातून सतत बाहेर पडणारे अवरक्त किरण काच शोषून घेते आणि ती उष्णता बाहेर टाकते. आकाश निरभ्र असेल तर टप आणि काचा थेट आकाशाकडे उष्णता फेकत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतात. म्हणूनच हवा शून्याच्या थोडी वर असतानाही सकाळी काचेवर बर्फाची साय दिसते.

आता एक ढोबळ हिशेब करू. मध्यम आकाराच्या गाडीची आतली हवा बाहेरच्यापेक्षा वीस अंशांनी गरम ठेवायची तर हजार-बाराशे वॅट उष्णता रात्रभर पुरवावी लागते. झोपलेल्या माणसाचं शरीर देतं सुमारे सत्तर वॅट. त्या सत्तर वॅटमध्ये गाडी तापणार नाही. पण तीच उष्णता अंगाभोवतीच्या चार-पाच सेंटीमीटर फुललेल्या थरात कोंडली, तर शून्य अंशातही माणूस निवांत झोपतो. माझ्या मते इथंच सगळा प्रश्न सुटतो. तापवायची ती अंगाभोवतीची बोटभर हवा, अख्खी गाडी तापवायची गरजच नाही.

स्लीपिंग बॅग किंवा रजई स्वतः उष्णता तयार करत नाही. तिच्या तंतूंमध्ये किंवा पिसांमध्ये अडकलेली स्थिर हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही, एवढंच. म्हणून तिचा फुगीरपणा महत्त्वाचा. तंग बॅगेत तीन स्वेटर घालून शिरलं तर थर दाबले जातात आणि ऊब कमीच होते. बॅग विकत घेताना तिच्यावरचे आकडे नीट वाचावेत. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तिथे ‘कम्फर्ट’, ‘लिमिट’ आणि ‘एक्स्ट्रीम’ अशी तीन तापमानं असतात. ‘एक्स्ट्रीम’ हा आकडा आरामाचा नाही. त्या तापमानाला काही तास कसाबसा जीव तगेल, पण शरीर धोकादायक पातळीपर्यंत गार पडू शकतं. निवड ‘कम्फर्ट’ बघूनच करावी.

ज्या बाजूकडे कुणाचं लक्ष जात नाही ती म्हणजे पाठीखालची बाजू. आपल्या वजनाने बॅगेचा खालचा थर दाबला जातो, त्यातली हवा निघून जाते आणि पाठ थेट गार सीटला किंवा डिकीच्या फरशीला भिडते. तिथे वरून कितीही पांघरुणं घेतली तरी उपयोग नाही. नुसती फुगवायची गादीही फसवी असते. तिच्या मोठ्या पोकळीत हवा खेळते, अंगाजवळची ऊब खालच्या थंड बाजूला नेऊन सोडते. बंद छिद्रांच्या फोमची साधी चटई दाबली गेली तरी तिच्यातले हवेचे बुडबुडे टिकून राहतात. हाताशी एकच जादा पांघरूण असेल, तर ते अंगावर घेण्याआधी अंगाखाली घालून बघा.

दुसरा शत्रू आपणच तयार करतो, तो म्हणजे ओल. झोपेत श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात सुमारे पाव लिटर पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. शून्य अंशाला एक घनमीटर हवेत पाच ग्रॅमहूनही कमी बाष्प मावतं, म्हणजे गाडीतल्या सुमारे तीन घनमीटर हवेत पंधरा ग्रॅमदेखील नाही. बाकीचं पाणी काचेवर, पत्र्यावर आणि पांघरुणावर जमतं. पाण्यातून उष्णता स्थिर हवेच्या वीसपटीहून अधिक सहज वाहते, त्यामुळे ओली रजई उबेच्या कामाची राहत नाही.

यावरचा उपाय पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटाच वाटतो: समोरासमोरच्या दोन काचा बोट-दोन बोटं उघड्या ठेवा. बाहेरची गार हवा दमट वाटली तरी तिच्यात बाष्प मोजकंच असतं. आत येऊन थोडी तापली की ती कोरडी होते आणि ओल घेऊन बाहेर जाते. श्वासातून साठणारा कार्बन डायऑक्साइडही त्याच फटीतून निघून जातो. गाडीतली थोडी ऊब जाते खरी, पण ती तशीही टिकणार नव्हती. बॅगेत तोंड खुपसून झोपू नये तेही याच कारणाने, श्वासाची सगळी वाफ बॅगेतच मुरते. डोक्याला टोपी घालावी, नाक बाहेर ठेवावं. बाकीच्या काचांना मापाने कापलेला फोम किंवा चकचकीत परावर्तक पत्रे लावले की अंगातून काचेकडे जाणारी उष्णता बरीच अडते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला तिच्याकडे येतो. गाडीत झोपताना शेगडी, कोळसा किंवा गॅसचा बर्नर पेटवू नका, आणि इंजिन चालू ठेवून झोपू नका. अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवतं. डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही लक्षणं जाग्या माणसाला सावध करतात, झोपलेल्याला ती कळतही नाहीत. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं तर धूर गाडीखाली साठून आत शिरतो. काचेची फट ओलीसाठी पुरते, या वायूसाठी तिच्या भरवशावर राहू नये. गॅस जळताना पाण्याची वाफही भरपूर होते, एक किलो प्रोपेनमागे दीड किलोहून जास्त. डिझेलवर चालणारे, गाडीत कायमचे बसवलेले हीटर निराळे. त्यांचं ज्वलन बंद कप्प्यात होतं, हवा बाहेरून येते, धूर बाहेर जातो. तरीही सोबत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

विजेवरचा हीटर साध्या गाडीत चालत नाही. 12 व्होल्ट, 60 अँपिअर-तासांच्या बॅटरीत जेमतेम 720 वॅट-तास असतात. हजार वॅटचा हीटर ती पाऊण तासात रिकामी करेल, आणि थंडीत तिची ताकद आधीच घटलेली असते. सकाळी गाडी सुरू व्हायची म्हणजे तिला हात न लावलेलाच बरा. मोठ्या बॅटरीच्या इलेक्ट्रिक गाडीला मात्र रात्रभर आत ऊब ठेवणं परवडतं, आणि तिला धूरही नसतो.

साध्या गाडीसाठी सगळ्यात चांगला हीटर म्हणजे गरम पाण्याची पिशवी. एक लिटर पाणी 80 अंशांवरून 40 वर येताना सुमारे 46 वॅट-तास उष्णता देतं. पाच तासांत विभागली तर ती सरासरी नऊ वॅट, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या उष्णतेत आठवा हिस्सा अधिक. टोपण घट्ट लावून, कापडात गुंडाळून ती आधी पायांशी ठेवावी. हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावल्या की झोप लवकर लागते, हे स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या संशोधकांनी 1999 मध्ये दाखवलं आहे. मद्यानेही या वाहिन्या रुंदावतात आणि गरम वाटतं, पण तेव्हा शरीराच्या आतली उष्णता त्वचेवाटे निघून जात असते.

पहाटे चार-पाचच्या सुमाराला शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं आणि बाहेरची थंडीही तेव्हाच शिगेला पोचत असते. जाग येते ती याच वेळी. जादा थर आणि कोरडे मोजे अंधारात सापडतील असे उशाशी ठेवावेत. लघवी लागली असेल तर अंग आवळून पडून राहण्यापेक्षा उठून मोकळं व्हावं, झोप लवकर येते. आणि ऊन आलं की बॅग उलटी करून वाऱ्यावर टाकावी. रात्री तिच्यात मुरलेली वाफ वाळली नाही, तर दुसऱ्या रात्री तीच बॅग कमी उबदार लागते.