तणाचा डोळा कुठे असतो?

बांधावरचे गाजरगवत विळ्याने छाटले, की काही दिवसांत त्याच बुडख्यातून एकाऐवजी चार-पाच फांद्या निघतात आणि फुलावरही येतात. छाटणाऱ्याची मेहनत वाया जाते, तण उलट दाट होते.

प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा, म्हणजे फांदीचा बारीक कोंब, असतो. शेंडा शाबूत असेपर्यंत तिथे तयार होणारे ऑक्झिन हे संप्रेरक खोडातून खाली उतरते आणि या डोळ्यांना झोपवून ठेवते. शेंडा उडाला, की डोळे जागे होतात. हरभऱ्याचे शेंडे आपण याचसाठी खुडतो, तणाच्या बाबतीत तेच अंगावर येते. म्हणून प्रश्न एकच: सर्वात खालचा डोळा जमिनीपासून किती उंच आहे?

माठ, टाकळा, कुर्डू यांच्या कोवळ्या रोपात तो बीजदलांच्या, म्हणजे बियातून निघणाऱ्या पहिल्या दोन पानांच्या, बगलेत असतो. त्याखालच्या खोडाला सहसा डोळे नसतात. खुरपे किंवा कोळप्याची पास (आडवे पाते) जमिनीखाली दोन-तीन सेंटिमीटरवरून गेली, की रोप संपले. वरवर खुरडले तर बीजदले मागे राहतात आणि रोप पुन्हा फुटते. गवतवर्गी तणांचा वाढीचा कोंब तर मातीलगत, पानांच्या वेटोळ्यात दडलेला असतो. त्यांची पाने कितीही कापा, बुडातून फुटवे येतच राहतात.

गाजरगवत लहानपणी पाने जमिनीवर चक्राकार पसरून बसते. पेरे, म्हणजे दोन पानांमधले खोडाचे भाग, लांबलेली नसल्याने सगळे डोळे मातीला टेकलेले असतात आणि विळा त्यांच्या वरून निघून जातो. ते फुलण्याआधी, ओल्या जमिनीतून, हातमोजे घालून मुळासकटच उपटावे. हातमोजे आवश्यकच, कारण या झाडाच्या स्पर्शाने अनेकांना त्वचेची ॲलर्जी होते.

काटेमाठ जागेप्रमाणे अंग बदलतो. मोकळ्यात एकटा असला तर बुडापासून झुडपासारखा पसरतो, दाट पिकात सरळसोट उंच जातो. हिरवी पाने तांबडा प्रकाश शोषतात, पण त्यापलीकडचा अतितांबडा बराचसा सोडून देतात. या दोहोंचे प्रमाण फायटोक्रोम नावाच्या रंगद्रव्याला कळते, आणि शेजारी कोणी आहे हे ओळखून रोप फांद्या आवरते व उंची वाढवते. त्याचे काटे नेमके बगलेत, जोडीने असतात. उपटताना तेवढे सांभाळावे.

सराटा आणि घोळ मधल्या मुळापासून चहूकडे जमिनीलगत फांद्या टाकतात. सराट्याचे मूळ खुरप्याने माथ्याखाली तोडले, की वेलीसारख्या साऱ्या फांद्या एकदम उचलून घेता येतात. काट्याची फळे धरण्याआधी हे झाले पाहिजे. घोळ मात्र मांसल असतो. उपटून ओल्या मातीवर टाकला तर खोडातल्या पाण्यावर जगतो, तुकड्यांना मुळे फुटतात.

सर्वात चिवट केना. मातीला टेकलेल्या त्याच्या खोडाच्या सांध्यांना मुळे फुटतात, त्यामुळे कोळप्याने त्याचे तुकडे केले तर लागवडच होते. शिवाय तो जमिनीखालीही न उमलणारी फुले धरतो आणि तिथेच बी तयार करतो. तो लहान असतानाच, वाफसा आल्यावर (जमीन फार ओली नाही, फार कोरडी नाही अशी झाल्यावर), मुळे व खालच्या पांढुरक्या फांद्यांसह उकरून पाटीत भरावा आणि शेताबाहेर उन्हात पातळ पसरून पुरता वाळू द्यावा. ढीग लावला तर आतला केना हिरवाच राहतो.