केबल कंपनीला शेतात खोदायला परवानगी लागत नाही?

‘सरकारी लायसन्स आहे, शेतमालकाला विचारायची गरज नाही,’ असं केबलसाठी चर खोदणारे ठेकेदार बिनदिक्कत सांगतात आणि गावोगावी ते खरंही मानलं जातं. ते खरं नाही.

या समजाचं मूळ १८८५ च्या तार कायद्यात आहे. त्याच्या कलम १० नुसार तार खात्याला खासगी जमिनीतून तारा नेता येत. पण त्याच कलमात दोन अटी होत्या: जमिनीवर हक्क फक्त वापरापुरता, आणि नुकसान कमीत कमी करून जे होईल त्याची पूर्ण भरपाई. या अटी ठेकेदार कधीच सांगत नाहीत.

आता २०२३ चा दूरसंचार कायदा आहे. त्याचे मार्गहक्काचे, म्हणजे कुणाच्या जमिनीतून केबल कशी न्यायची याचे, नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. खासगी जमिनीसाठी कंपनीने मालकाकडे अर्ज करायचा, मोबदला ठरवून करार करायचा. करार झालाच नाही, तर सार्वजनिक हितासाठी सरकार मध्ये पडू शकतं. मात्र तो निर्णय सरकारचा, मुकादमाचा नव्हे.

ग्रामपंचायतीचा ठराव दाखवला तरी तो पंचायतीच्या रस्त्यापुरता. तुमच्या शेतात शिरायला तो पुरत नाही. रस्त्याची हद्द नेमकी कुठे, यावरच बहुतेक भांडणं होतात. तिथे मोजणी करून घ्यावी.

चर दिसताच फोटो काढा, परवानगीची प्रत मागा, तहसीलदारांकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. रागाच्या भरात केबल मात्र तोडू नका. तसं केल्यास दंड आणि भरपाई तुमच्याच गळ्यात पडेल.